हललं तरच दिसणारा कॅमेरा

आमच्या ऑफिसात सेन्सर कमी आणि किस्से जास्त तयार होतात, असं आमच्या बॉस मेधा मॅडम म्हणतात. निम्म्या किश्शांत त्या स्वतःच असतात, हे मात्र सांगत नाहीत!

कर्वेनगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर आम्ही कॅमेऱ्याचे सेन्सर बनवतो. साधा कॅमेरा समोरचं सगळंच टिपतो. आमचा कॅमेरा मात्र माणसाच्या डोळ्याकडून आणि मेंदूकडून शिकलाय. जे हललं, बदललं, तेवढंच टिपायचं. बाकी स्क्रीन काळी!

घरमालक काकांनी एकदा विचारलं, "नक्की काय बनवता आपण?"

"यंत्रांसाठी डोळे, काका."

"मग दोन स्वतःसाठीही बनवा. फाटक रोज उघडं असतं!"

पण ऐन डेमोच्या दिवशी लाइट गेली, तेव्हा न सांगता आपल्या इन्व्हर्टरची वायर खिडकीतून आत सोडली ती याच काकांनी.

---

इंटरव्ह्यूला एक मुलगी आली. सेन्सर चुकून तिच्याकडेच तोंड करून चालू होता. स्क्रीनवर बाकी काही नाही, फक्त थडथडणारा गुडघा! मॅडमनी गुपचूप स्क्रीन बंद केली आणि म्हणाल्या, "आधी चहा घेऊ. प्रश्न कुठे पळून जात नाहीत."

ती मुलगी म्हणजे मी. नोकरी मिळाली. चहा मात्र भयंकर होता!

---

आमचा वैभव वर्ध्याचा. एका कारखान्यात पट्ट्यावरून धावणाऱ्या बाटल्यांची वाकडी झाकणं पकडून दाखवत होता. मध्येच स्क्रीन काळी झाली.

तिथले मोठे साहेब हसले, "पडला बंद?"

"हो सर. पण तुमचा पट्टा!"

साहेबांनी वळून पाहिलं. ऑर्डर तिथेच पक्की.

---

दसऱ्याला देवासमोर सेन्सर चालू ठेवून त्याची पूजा केली. स्क्रीनवर उदबत्तीचा धूर, निरांजनाची ज्योत आणि मॅडमचा हात.

वैभव म्हणाला, "मॅडम, देव तं दिसूनच नाही राहिला!"

"देव हलत नाही. हलायचं आपण. चला, कामाला!"

---

मॅडमच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं, उजवा हात निपचित. तो जराही हलत नाही, असंच सगळे म्हणत होते. एका सकाळी मॅडम आम्हाला सेन्सरसकट नारायण पेठेतल्या घरी घेऊन गेल्या. आम्ही पंखा बंद केला, खिडकी उघडली आणि सेन्सर त्यांच्यासमोर लावला.

स्क्रीनवर फक्त श्वासाबरोबर वरखाली होणारी चादर.

शेजारी रेडिओवर नाट्यगीत लागलं होतं. थोड्या वेळाने उजव्या हाताच्या बोटापाशी दोन-चार ठिपके उमटले. गेले. पुन्हा उमटले.

वैभव हळूच म्हणाला, "मॅडम... बाबा ताल देऊन राहिले!"

मॅडमनी तोंडावर हात धरला. डोळे वाहत होते.

तेवढ्यात त्यांच्या आई चहा घेऊन आल्या. स्क्रीन पाहिली, बोट पाहिलं आणि यजमानांना म्हणाल्या, "अहो, लग्नापासून ऐकतेय. समेवर एकदाही आला नाहीत!"

आणि काळ्या स्क्रीनवर बाबांचा अख्खा चेहरा उजळला.