बाभळीची फळी

परभणीत शाळेच्या मैदानावर सकाळी आमचा कराटेचा वर्ग भरायचा. सगळी कॉलेजातली पोरं, आणि त्यांत कापसाच्या जिनिंगवर हमाली करणारा एक चाळिशीचा माणूस. नामांतराच्या दंगलीत त्याच्या गावातला बौद्धवाडा जाळला होता. तेव्हापासून तो शहरातच राहत होता. ठोसे, बचाव तो शिकलाच नाही. सर रागावले की म्हणायचा, “मला लातंनं फळी फोडायची तेवढी शिकवा.” लाथ मारण्याआधी तो दर वेळी फळीवर तळहात टेकवून जरा ढकलून पाहायचा. आम्ही हसायचो. त्याला ते कळायचं.

वर्षभरानं त्यानं खोक्याची पातळ फळी एका लाथेत फोडली. टाळ्या वाजल्या. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बाभळीची जाड फळी घेऊन आला. एका बाजूनं सरांनी, एका बाजूनं मी ती धरली.

फळी फुटेना. टाच रक्ताळली तरी तो मारतच राहिला.

सर म्हणाले, “ही कुणाच्यानं फुटणार नाही. कशाला हट्ट करता?”

“आमचं कवाड असंच व्हतं,” तो म्हणाला. “भायेरून कडी लावून घर पेटवलं. मी परभणीला आलतो. माय आत व्हती.”

सरांनी फळी खाली ठेवली.

“मंजी मी आत असतो तरी फुटलं नसतं,” तो हळूच म्हणाला. “उद्यापासून येत न्हाई, सर.”

फळी खांद्यावर घेऊन तो लंगडत निघून गेला. त्याला हायसं वाटलं असेल, असं मला आजही म्हणवत नाही.