पाठमोरा हसबल्ला

आमचे हे, हसबल्ला, सगळ्या कुर्णा गावात उंच. ती उंचीच त्यांची नोकरी झाली म्हणा ना! मिसरच्या जुन्या राजांची, फारोंची, थडगी उकरायला आलेल्या गोऱ्या साहेबाने त्यांना एकदा पाहिलं आणि मातीची घमेली वाहायचं सुटलं. पुतळा सापडला, हसबल्लाला उभा कर. खांब सापडला, हसबल्लाला उभा कर. दगड केवढा मोठा हे त्यांच्या देशातल्या लोकांना कळावं म्हणून शेजारी माझा नवरा! कॅमेऱ्याकडे तोंड करायचं नाही. म्हणे, बघणाऱ्याचं लक्ष दगडावरून उडतं. मी म्हणायचे, "अहो, गाढवालासुद्धा कुणी उन्हात एवढं उभं करत नाही!" तर हसायचे. "अगं, राजाच्या शेजारी उभा असतो मी. तुझा बाप कधी होता का?"

एक दिवस खड्ड्याची कड ढासळली आणि ते आत गाडले गेले. साहेबाने कफनाचं कापड पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी काम चालू. रतीबा तेव्हा माझ्या पोटात होती.

आता पोरीचं लग्न ठरलं. मेंदीच्या आदल्या दिवशी म्हणाली, "आई, मला एकदा बाबांचं तोंड बघायचंय गं." गावात कुणाकडे फोटो असणार? म्हटलं चल, ज्यांनी जन्मभर काढले त्यांच्याकडेच मागू.

खोदकामाच्या बंगल्यावर नवा साहेब होता, आपली भाषा बोलणारा. चहा दिला, जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. रतीबा पानं उलटत गेली. ह्या पानावर हे, त्या पानावर हे, आणि सगळीकडे पाठ! एकात तोंड इकडे होतं, तर तो फोटो मानेपाशी कापलेला. त्यांना म्हणे खालची कोरलेली अक्षरं हवी होती.

"फोटोखाली काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पुतळ्याची उंची दाखवायला एक स्थानिक माणूस."

"एक माणूस? नाव नाही त्याला?"

त्याने चहाचा पेला माझ्याकडे सरकवला.

"राजाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, पायाशी बसलेल्या कुत्र्याचं नाव शोधून लिहिलंत! आणि तुमच्या खड्ड्यात जो मेला, त्याच्या वेळी शाई संपली?"

"बाई, मला फार वाईट वाटतं."

वाटू दे! त्याने काय तोंड उगवणार आहे?

रतीबाने मला ओढत बाहेर आणलं. "जाऊ दे आई. तूच सांग ना, कसे दिसायचे?"

सांगायला तोंड उघडलं. डोळे कसे, नाक कसं... काही येईना. समोर नुसती ती पुस्तकातली पाठ. मेल्यांनो, माझ्याजवळ होतं तेवढंही नेलंत!