कार्टूनच्या शेवटच्या गाण्याची चाल

आई गेल्यावर अप्पा गायचे थांबले. ठरवून थांबले असं नाही. एखादं दुकान दुपारी बंद होतं आणि मग उघडतच नाही, तसं झालं. त्याआधी म्हैसुरातल्या आमच्या शिंपी समाजाच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला भजनाचा शेवटचा अभंग त्यांचा असे. ज्याची जागा आहे त्यानं ती स्वतः सोडल्याशिवाय दुसऱ्यानं तिथं बसायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. त्यामुळे आता शेवटचा अभंग होतच नव्हता, भजन थेट आरतीवर जाई. मंदिरात सगळे अप्पांची वाट बघत होते, आणि अप्पा गोकुलम भागातल्या आमच्या घरी टीव्हीपुढे बसले होते.

गोकुलममध्ये तेव्हा परदेशी माणसं योग शिकायला येऊ लागली होती. काखेत चटई घेऊन, शांती शोधत, आमच्या फाटकावरून जात. आमच्याकडे ती भरपूर पडून होती, पण कुणी विचारलं नाही.

माझी मुलगी तिसरीत होती. शाळेतून आली की ती एक जपानी कार्टून लावी. त्यातली माणसं हिंदीत बोलत. शेवटचं गाणं मात्र जपानीतच राहिलं होतं. ते डब करण्याइतकं महत्त्वाचं कुणाला वाटलं नसावं. पडद्यावर एक पोरगी सायकल ढकलत चढ चढत राही, शेजारून नावं वर सरकत आणि एक बाई गात असे. कार्टून चालू असेपर्यंत अप्पा पेपर वाचत. गाणं लागलं की पेपर खाली ठेवत.

"अज्जा, ह्याचा अर्थ काय?" मुलीनं एकदा विचारलं.

"मला काय माहीत? मी काय जपानात कपडे शिवले?"

"मग ऐकता कशाला?"

"सुम्मने गप बस ग. संपू दे."

एक दिवस समाजाचे अध्यक्ष घरी आले. त्यांना सत्कार करण्याची आवड होती. शाल, नारळ, डोक्यावर चढवायचा म्हैसुरी पेटा आणि फळांची परडी त्यांच्या गाडीत कायम तयार असावी, असा माझा अंदाज आहे.

"तुमचा सत्कार ठरवलाय," ते अप्पांना म्हणाले.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हंजे? सेवेबद्दल. आणि सत्कार झाला की शेवटचा अभंग तुम्ही म्हणायचा. सगळ्यांना सांगून आयतु, झालं."

"बघू," अप्पा म्हणाले.

फाटकापाशी अध्यक्षांनी मला वेगळं सांगितलं, "बघ अम्मा, ह्या वेळी गायले नाहीत तर आम्हाला त्यांची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. देवानं तरी किती दिवस थांबायचं?" देवाच्या वतीनं बोलायची त्यांना सवय होती.

हे मी अप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे मला कळलं नाही. मंदिर सुटलं असतं तर त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, एवढं मात्र दोघांनाही माहीत होतं.

सत्काराला भाषणं झाली. प्रत्येक वक्त्यानं वेळेअभावी थोडक्यात बोलतो असं सांगून सुरुवात केली. पेटा मोठा निघाला, भुवयांपर्यंत खाली आला. अप्पांनी जन्मभर गावाची मापं घेतली होती. त्यांच्या डोक्याचं माप कुणी घेतलं नव्हतं.

मग माईक त्यांच्यापुढे सरकवला. ते बसून राहिले. पखवाजवाल्यानं दोनदा हात उचलला आणि खाली ठेवला. मला घाबरायला हवं होतं. मी भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाटीकडे बघत होते.

अप्पांनी सुरुवात केली. शब्द नेहमीच्या अभंगाचेच होते. आमच्या भजनात चाल कुठूनही येते. सिनेमातून, नाटकातून, लग्नाच्या बँडमधून. अभंगाचे शब्द तिच्यात बसले की ती विठ्ठलाची झाली. तरीही मुलीनं माझं कोपर घट्ट धरलं.

"मम्मी, हे तर कार्टूनचं..."

"गप."

पखवाजवाला आधी चाचपडला, मग त्यानं ठेका पकडला. टाळ लागले. सगळं मंदिर मागून म्हणू लागलं. माझी मुलगी ओठांतल्या ओठांत जपानी शब्द म्हणत होती, आणि तेही बसत होते.

संपताच अध्यक्षांनी माईक घेतला. "ही आपल्या पूर्वजांनी पंढरपुराहून इकडे येताना सोबत आणलेली चाल! आजकाल ह्या टीव्हीमुळे पोरांना असलं काही ऐकायला मिळत नाही." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या म्हातारीनं डोळे पुसले आणि ही चाल आपली आजी म्हणायची असं सांगितलं. हे विनोदी आहे हे मला समजत होतं. हसू मात्र आलं नाही.

परतताना रिक्षात मी विचारलं, "अप्पा, दुसरी चाल नव्हती का?"

"होत्या की. पोतंभर." ते बाहेर बघत होते. "त्या सगळ्यांत तुझ्या आईचा टाळ वाजतोय. कुठलीही घेतली की बायकांच्या बाजूनं ऐकू येतो, आणि मला पुढचा शब्द सुचत नाही. ह्यात तो नाही. हे तिनं कधी ऐकलंच नाही."

"मग पुढच्या एकादशीला?"

"हीच."

"आणि ही अंगवळणी पडून हिच्यातही आईचा टाळ वाजायला लागला की?"

अप्पांनी पुढे वाकून रिक्षावाल्याला कन्नडमध्ये सांगितलं, की डावीकडे घे.