चढावरचा बिरोबा

केरबा भितो, हे नागजच्या पुढे चाललेल्या तलावाच्या कामावर सगळ्यांना ठाऊक होते. मोठी लढाई संपून वर्ष झाले होते. ब्रह्मदेशात लष्कराची गाडी चालवून तो जिवंत परत आला होता, पण जीप हाकताना त्याची मान पुढे झुकलेली, डोळे लांब रस्त्यावर आणि उजवा पाय इतका हलका असे, की बांधावर माती वाहणाऱ्या बायका हसून म्हणत, "केरबादादा, घाई असंल तर उतरून चालत जावा."

तो साताऱ्याकडचा, कोरेगावजवळच्या एका खेड्यातला. जीप त्याची नव्हे, हंबीरराव कंत्राटदाराची. लष्कराने लिलावात काढलेली ती गाडी हंबीररावांनी पुण्याहून आणली होती. पेट्रोल कुपनावर मिळे. हंबीरराव स्वतः हाकत तेव्हा महिना अर्धा सरायच्या आत कुपने संपत. केरबा हाकू लागला तेव्हापासून ती महिनाअखेरपर्यंत पुरू लागली. हंबीरराव म्हणत, "भितोस त्येच बरं हाय गड्या. मला भिणारा डायवरच परवडतो."

ही भीती कशाची, ते केरबाने कधी कुणाला सांगितले नाही. ब्रह्मदेशातल्या एका डोंगररस्त्यावर त्याच्याच गावच्या ज्योतिबाची गाडी पेट्रोल संपून उभी राहिली होती. मागच्या गाड्यांना थांबायची मनाई होती. केरबा तिच्या शेजारून गेला तेव्हा ज्योतिबा रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने हात केला, तो थांब म्हणून नव्हे, जा म्हणून. पुढे त्याची काही खबर लागली नाही.

जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते. काटा मोडलेला होता. केरबा गादी उचलून टाकीत लिंबाची काडी बुडवी आणि तिचा भिजलेला भाग वाळायच्या आत बोटांनी मोजून घेई. दिवसातून कितीदा मोजी, याला हिशेब नव्हता. आपण भीतीवरच बसतो आणि भीतीवरूनच उतरतो, असे त्याला वाटे.

त्या दिवशी हंबीरराव पहाटेच्या छोट्या आगगाडीने सांगलीला गेले होते, कुपनांसाठीच. जाताना बजावून गेले होते, "मी येईस्तवर जीप हलवायची न्हाई." ऊन वर आल्यावर माळावरून धुळा धनगर आला. त्याच्या मेंढरांचा वाडा तलावाच्या वरच्या अंगाला बसला होता. तो पळत आला होता, पण बोलला सावकाश.

"घरवाली हरणा कालपास्नं अडलीया. सुईण म्हनती, पोर आडवं हाय. मिरजंच्या मिशनच्या दवाखान्यात न्ह्या, न्हाईतर दोगंबी जात्यात."

केरबाने गादी उचलली आणि काडी बुडवली. चार बोटे भिजली. मिरजेला जायला निदान वीतभर हवे होते. आगगाडी दुसऱ्या दिवशीशिवाय नव्हती. बैलगाडीने पोहोचायला दुसरा दिवस उजाडला असता.

"पुरायचं न्हाई," तो म्हणाला.

धुळाने डोक्याचे पागोटे काढून जीपच्या तोंडावर ठेवले. "मग पुरंल तितवर न्ये. तितनं फुडं मी पाठीवर नेतो."

नेमके हेच ऐकायची केरबाला धास्ती होती. उन्हात, माळावर, मध्येच उभी राहिलेली गाडी. त्याच्या हाताला घाम सुटला. पण ते पागोटे तसेच सोडून आत जाऊन बसणेही त्याला जमेना.

त्याने जीप हलकी करायला घेतली. फावडी, साखळदंड, पाण्याचे पिंप, मागचे बाक, वरचे ताडपत्रीचे छप्पर, सगळे उतरवले. मग जादा चाकावर हात ठेवून तो उभा राहिला. चाक पंक्चर झाले तर सगळेच संपले. न झाले, तर तेवढे ओझे कमी. शेवटी त्याने तेही काढले आणि भिंतीला टेकवले. चारही चाकांत हातपंपाने हवा भरली, टणक होईपर्यंत, कारण मऊ चाक जमिनीला धरून बसते आणि पेट्रोल खाते.

वाड्यावरून आणून हरणाबाईला जीपमध्ये घोंगडीवर निजवले. तिची सासू बनाबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. वर लुगड्याची सावली धरली. धुळा पुढे केरबाच्या शेजारी बसला.

"हळू न्हे रं लेकरा," बनाबाई म्हणाली.

"हळूच न्हेतो आजी. मला दुसरं येत न्हाई."

लष्करातल्या उस्तादाने शिकवले होते, पायाखाली कोंबडीचे पिल्लू आहे असे समज. दाबलेस तर मेले. केरबाने आज तसाच पाय ठेवला. गाडी हलताच त्याने वरचा गिअर टाकला. ब्रेकला हात लावायचा नाही, म्हणजे पायच लावायचा नाही, असे ठरवले. जितक्यांदा थांबवायची, तितक्यांदा पुन्हा पळवायला पेट्रोल लागते. समोर मेंढरे दिसली की तो लांबूनच पाय उचली आणि गाडी पोहोचेपर्यंत ती बाजूला होत. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळू देई. पहिल्या उतारावर आवाज एकदम थांबला, तशी बनाबाई घाबरली.

"बंद पडली का काय रं?"

"बंद क्येलीया."

"रस्त्यात कुनी बंद करतंय व्हय? बैल कंदी उतारावर सोडत्यात?"

धुळा भेदरलेल्या चेहऱ्याने हसला. केरबा हसला नाही. उतारावर गाडी आपोआप वेग घेत होती आणि एका ब्रेकवर ती आवरेल की नाही, याचीच त्याला धास्ती होती.

कवठ्याजवळ अग्रणी नदीचे पात्र कोरडे होते, पण वाळू खोल होती. चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला असता तर जीप सहज निघाली असती, पण त्याला पेट्रोल फार लागते. केरबाने काठावर इंजिन बंद केले, उतरून बैलगाड्यांची चाकोरी पायाने चाचपली आणि पुन्हा इंजिन चालू करून जिथे वाळू दबून घट्ट झाली होती तिथूनच चाके नेली. धुळा मागून ढकलत होता. पलीकडच्या काठावर केरबाने काडी बुडवली. एक बोट आणि थोडे.

हरणाबाईचा आवाज आता बदलला होता. आधी ती ओरडत होती. आता नुसती कण्हत होती.

यापुढे बिरोबाचा ओढा. दोन्हीकडून रस्ता खाली उतरतो आणि तळाशी, अगदी रस्त्याला लागून, भंडाऱ्याने पिवळा झालेला बिरोबाचा दगड होता. तिथे थांबल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. पायताण काढायचे, भंडारा वाहायचा, मग चढाला लागायचे. हंबीरराव थांबत. केरबाही रोज थांबे. पण ओढ्यानंतरचा चढ लांब आणि खडा होता. तळाशी थांबून तो चढायचा, तर खालच्या गिअरमध्ये इंजिन रडवत न्यावे लागे. काडीवर जे उरले होते, ते त्या एका चढात संपले असते. उताराचा वेग तसाच धरला, तर गाडी अर्धा चढ आपल्याच जोरावर गेली असती.

हे केरबाला उताराच्या माथ्यावरच कळले आणि तो दगडाला भ्यायला लागला.

बनाबाईने कनवटीची भंडाऱ्याची पिशवी सोडली होती. "थांबीव."

केरबाने पाय हलवला नाही.

"आरं थांबीव. द्येव हाय. माझी सून मरतीया आन तू द्येवावरनं गाडी न्हेतोस व्हय?"

"आजी, थांबलो तर वर चढायची न्हाई."

दगड जवळ आला. केरबाला वाटले, आपण ब्रह्मदेशातल्या त्याच रस्त्यावर आहोत. कडेला कुणीतरी उभे आहे आणि आपण न थांबता चाललो आहोत. फक्त इथे कुणी जा म्हणून हात केला नव्हता. तेवढ्यात धुळाने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि चालत्या गाडीतून खाली उडी टाकली. जीप हलकी झाली. दगड मागे गेला.

चढावर वेग कमी कमी होत गेला. केरबाने अगदी शेवटच्या क्षणी गिअर बदलला आणि पिल्लावर पाय ठेवला. मागे बनाबाई बोलायची थांबली होती. मग कण्हणेही थांबले. त्याला मागे वळून पाहायचे होते, पण मान वळेना. आपण देवाला ओलांडले आणि बाई गेली, असे त्याला स्पष्ट वाटले. इंजिनाच्या आवाजातून तो मागचा श्वास ऐकायचा प्रयत्न करत राहिला आणि गाडी मुंगीच्या पावलाने वर सरकत राहिली.

माथ्यावर त्याने जीप थांबवली आणि इंजिन बंद केले. इथे थांबायला काही लागत नव्हते. पुढे उतार होता.

"आजी," त्याने पाठमोऱ्यानेच विचारले, "हाय का?"

मागे लुगड्याची सावली बाजूला सरली. मग बनाबाई म्हणाली, "हाय. डोळं उगाडती, मिटती."

धुळा पायवाटेने धापा टाकत वर आला. मूठ घट्ट मिटलेली होती. त्याने बायकोच्या कपाळाला भंडारा लावला, आईच्या लावला, मग केरबाच्या लावला आणि उरलेला जीपच्या चाकाला.

"काय म्हनला द्येव?" केरबाने विचारले. तो थट्टा करत नव्हता.

"काय म्हननार. मी बोललो आन पळालो."

मिरजेच्या अलीकडे इंजिन खोकले. पुन्हा खोकले. शेवटचा उतार जीप आवाज न करता उतरली आणि सपाटीवर चिंचांच्या सावलीत उभी राहिली. केरबाने काडी काढलीच नाही. दवाखान्याची कौले झाडांतून दिसत होती. धुळा पाठ वाकवून उभा राहिला, पण केरबाने घोंगडीचे एक टोक धरले आणि दुसरे त्याला धरायला लावले. जाताना केरबाने एकदा मागे पाहिले. रस्त्याच्या कडेला जीप एकटीच उभी होती. पण त्याने टोक सोडले नाही.

मुलगी झाली. आई वाचली. दवाखान्याच्या पायरीवर केरबा संध्याकाळपर्यंत बसून होता, सगळे निभावले हे कळल्यावरही. कुणाकडून तरी ऐकून हंबीरराव सांगलीहून आले. रागावून आले होते. पण आधी त्यांनी चिंचेखाली जाऊन गादी उचलून काडी टाकली होती, ती कोरडी निघाली होती. केरबाच्या शेजारी बसून ते एवढेच म्हणाले, "माझ्या हातनं कवठ्यातच थांबली असती."

बनाबाईने मात्र त्याला लगेच सोडले नाही. "पोर जगली, त्ये द्येवाचं," ती म्हणाली. "तू न थांबलास, त्येचं काय?"

"त्येचं भ्या मला बी हाय, आजी."

पावसाळ्यानंतर मेंढरे घेऊन ती माणसे त्या वाटेने परतली. बनाबाईने ओढ्यातला एक गुळगुळीत दगड निवडला आणि धुळाला तो डोक्यावरून चढाच्या माथ्यावर न्यायला लावला. जीप जिथे उभी राहिली होती, तिथेच तो मांडला आणि भंडाऱ्याने माखला. केरबा तेव्हा जीप घेऊन चालला होता. त्याने थांबून विचारले, हा कोणता देव.

"त्योच," बनाबाई म्हणाली. "खाली गाडी थांबत न्हाई म्हनून वर आलाय."

पुढे सरकारी मोटारी सुरू झाल्या. केरबा त्यात लागला आणि योगायोगाने त्याच रस्त्यावर पडला. टाकी भरलेली असली, तरी तो ओढ्यातून जाताना पाय हलका ठेवी आणि माथ्यावर गाडी उभी करून इंजिन बंद करी. त्याचे पाहून बाकीचे चालकही माथ्यावरच थांबू लागले. नवा कुणी उतारू कधीतरी विचारी, देव खाली असताना नारळ वर का फोडता. केरबा घामेजलेले हात खाकी विजारीला पुसत म्हणे, "खाली थांबलं की म्होरं चढ लागतोय."