सोळावी तार

बोट लागलं ते पदवीधराचं. डाव्या करंगळीचं टोक, बस्स. काचेच्या तारेवर कापसाचा तंतू बसलेला दिसला आणि स्वारीला स्वच्छतेचा उमाळा आला. नाक खाजवायला हातमोजा नुकताच काढलेला. तंतू अलगद टिपून उडवला आणि मग ध्यानात आलं, आपण काय करून बसलोय ते.

त्याला काम शिकवणाऱ्या काकू गॅसच्या ज्योतीसमोर पाठमोऱ्या होत्या. त्यांनी पाहिलं नाही.

कुणी गाडा ओढतं, कुणी बिडी ओढतं. काकू काच ओढायच्या. बावीस वर्षं थर्मामीटरच्या कारखान्यात तापलेल्या काचेच्या बारीक नळ्या ओढल्या. कारखाना बंद पडला तेव्हा नवरा नव्हता आणि लेक सातवीत होती. तेवढ्यात गावाबाहेर हे यंत्र उभं राहू लागलं आणि काकूंना तिथे काम मिळालं.

यंत्राचं काम ऐकायचं. कुठेतरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची थरथर अवकाशातून आपल्यापर्यंत येते, आणि पोचेपर्यंत इतकी मरतुकडी होते, की ती टिपायला चाळीस-चाळीस किलोचे चार आरसे निर्वात नळीत टांगून ठेवावे लागतात. धातूच्या तारेवर टांगले तर तारच आपली कुजबुजत बसते. काच गप्प राहते. म्हणून प्रत्येक आरशाला काचेच्या चार तारा, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. सोळाच्या सोळा काकूंनी ओढलेल्या. यंत्र ऐकेल तेव्हा आरसे आपल्या तारांवर असावेत, एवढी एकच हौस बाईला. लेकीला म्हणायच्या, "तिकडे आभाळ हलू दे, माझी तार हलायची नाही."

ही तार दहा किलो वजन हसतहसत पेलते. पण नुसत्या कातडीचा स्पर्श झाला की तिला न दिसणारा चरा पडतो. मग ती तासाभरात तुटेल, नाहीतर महिन्याने. म्हणून खोलीचा नियम होता: बोट लागलं की सांगायचं, तार फेकून द्यायची आणि बोटवाल्याने खोलीला एक फेरी चहा पाजायचा. चौकशी नाही, कागद नाही. नियम काकूंचाच. "माणूस शिक्षेला घाबरून लपवतं. चहाला कोण घाबरतंय?"

पदवीधर घाबरला. त्या आठवड्यात त्याने दोनदा पाजला होता. "तिसऱ्यांदा पाजलास तर कँटीनच चालवायला घे," असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते आणि खोली पोट धरून हसली होती. आता पुन्हा कोण तोंड उघडणार?

काकूंनी ती तार दीडपट वजन लावून दिवसभर टांगली. टिकली.

"गुणाची आहे हो," त्या म्हणाल्या. पदवीधराचा जीव भांड्यात पडला. तार आरशाला लागली.

अकराव्या दिवशी तुटली. आरसा खालच्या आधारावर आदळला. तुटलेली तार पिठासारखी भुगा होऊन पडली, म्हणजे पुरावाही गेला. बाकीच्या पंधरा धड होत्या, पण नळी उघडून पुन्हा निर्वात करायची म्हणजे तीन महिने.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "काकू, वय काय तुमचं?"

"सत्तावन्न. तुमच्या फायलीत आहे की."

"जरा हात पुढे करा बघू."

काकूंनी हात पुढे केले. बारा माणसं त्या हातांकडे बघत राहिली. असं बघितलं तर कुणाचाही हात थरथरेल, काकूंचाही थरथरला.

"तू शेजारी बसतोस यांच्या," साहेब पदवीधराला म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"मी काय बोलणार, साहेब? काकू मोठ्या आहेत."

या वाक्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते नेमकं लागलं. काकू स्वतःचे हात उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "असेल बाबा. आपलं आपल्याला कळत नाही."

त्यांना भांडारात बसवलं, हातमोजे मोजायला. नवी तार पदवीधराने ओढायची ठरली, शिकवायच्या मात्र काकूंनीच. त्या खोलीत पाऊल टाकेनात. काचेच्या खिडकीबाहेरून सांगायच्या. "घाई करू नकोस. ती आधी मऊ होऊ दे, मग मागे मागे येते. आणि पदवीधर, बोट तेवढं सांभाळ हो."

नळी उघडी पडलेली असतानाच दूरच्या देशांतल्या दोन यंत्रांनी ती थरथर ऐकली. पाव सेकंदाची. यांचं यंत्र पोट फाडून पडलं होतं. भांडाराची खिडकी कँटीनमध्ये उघडत असे. "म्हातारीचा हात नडला," कुणीतरी मोठ्याने म्हणालं. आत हातमोजे मोजणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

काकूंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. त्यानंतर चार महिन्यांनी यंत्राने ऐकलं. वर्तमानपत्रात पदवीधराचा फोटो, खाली 'तारांचा कारागीर'. सोळातल्या पंधरा तारा काकूंच्याच होत्या, पण हे कुणी मोजलं नाही. त्याने मोजलं.

वर्तमानपत्र घेऊन तो काकूंकडे गेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. लेक दवाखान्यातल्या ड्यूटीवरून येऊन पाय पसरून बसली होती.

"या, कारागीर," ती म्हणाली. "आईने काचेचे कप, बरण्या सगळं देऊन टाकलं, माहितीये? घरभर स्टील केलंय. हात गेला म्हणते."

काकूंनी चहा ओतला. स्टीलचा कप काठोकाठ भरला, उचलून त्याच्या हातात दिला. बशीत एक थेंब सांडला नाही. पदवीधर त्या कोरड्या बशीकडे बघत राहिला.

"काकू, ती तार..."

"बघ की, तुझी टिकली," फोटोवरून बोट फिरवत काकू म्हणाल्या. "माझ्या हातची असती तर परत तुटली असती. बरं झालं मला उठवलं तिथून. साखर कमी झालीय का?"

"नाही. बरोबर आहे."

त्याने चहा संपवला आणि निघाला.

खोलीचा नियम अजून चालू आहे. परवा तारा आरशाला जोडणाऱ्या वेल्डरचं बोट लागलं. गड्याने तिथल्या तिथे सांगितलं, तार फेकली, चहा मागवला. पदवीधराने दोन कप घेतले. त्याची स्वतःची एक फेरी बाकी आहे.