हिऱ्याला लागलेली हळद

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्यूटवर. पप्पा एवढंच म्हणाले, "सुजाता गेली गं... झोपेतच." आणि खरं सांगू? रडू यायच्या आधी मला हुश्श वाटलं. शेवटचे काही महिने तिला एकेका श्वासासाठी धडपडताना बघून आमचाच जीव वर-खाली व्हायचा. नळ्या नाहीत, आयसीयू नाही, आपल्या पलंगावर, आपल्या उशीवर गेली. आता काही आठवडे झालेत, आणि तिच्याबद्दल बोलायला लागले की मी थांबतच नाही. निखिल म्हणतो, लिहून काढ एकदाचं. म्हणून हे.

सुजाताआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. येरवड्याच्या आमच्या घरातून तिने केमिस्ट्रीत बीएस्सी केलं आणि सगळे बँकेच्या परीक्षा दे म्हणत असताना मुंबईला जाऊन रत्नं तपासायचा कोर्स केला. आजोबा म्हणाले होते म्हणे, "हिरे शिकून काय करणार? आपल्या घरात आहे का एक तरी?" त्यावर ही म्हणाली, "डॉक्टरच्या घरात सगळे आजारी असावे लागतात का?" मग बरीच वर्षं तिकडच्या लॅबमध्ये नोकरी, आणि नंतर सदाशिव पेठेत स्वतःची एक खोली. मायक्रोस्कोप, छोटा वजनकाटा, उत्तरेची खिडकी. आधी म्हणे पुण्यात लोक फक्त सोनं घ्यायचे. मग आयटीचे पगार सुरू झाले, दुकानं एसी झाली, आणि जो तो सॉलिटेअर घ्यायला लागला. अशी जोडपी तिच्याकडे यायची, अगदी खुशीत. "मॅडम, सर्टिफाइड आहे हं." "कोणी केलं सर्टिफाय?" "दुकानानेच दिलंय ना." "वा! म्हणजे पेपर त्यांनीच काढला, त्यांनीच सोडवला आणि पहिला नंबरही त्यांचाच." जोडप्याचे चेहरे पडायचे. मग ती चहा मागवायची आणि नीट समजवायची. कागद दुकानाबाहेरच्या स्वतंत्र लॅबचा हवा. त्यात हिऱ्याचं वजन, रंग, स्वच्छता, घडण असते, तो खाणीतला की मशीनमध्ये बनवलेला ते असतं. किंमत नसते, ती आपण चार ठिकाणी विचारायची. आणि मोठ्या लॅबच्या हिऱ्यावर बहुतेक वेळा, अगदी कडेला, लेझरने एक बारीक नंबर कोरलेला असतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. तो नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला तर कागद त्या हिऱ्याचा. "नाहीतर तो नुसता छान छापलेला कागद. फ्रेम करून लावा."

आता माझी गोष्ट. निखिल वाघोलीचा, शेतकरी घरातला. आमचं कॉलेजपासूनचं. आम्ही बौद्ध, ते मराठा, त्यामुळे पप्पा हो म्हणाले पण त्यांच्या मनातून भीती काही जाईना. भांडण होईल अशी नाही हो... आपल्या मुलीला तिथे कायम थोडं खालचं धरतील, अशी. निखिलच्या आईंनी साखरपुड्यात मला हिऱ्याची अंगठी घातली, डबीत सर्टिफिकेट, सगळं व्यवस्थित. मी उड्या मारत आत्याकडे गेले, पप्पा सोबत. तिने अंगठी मायक्रोस्कोपखाली धरली, कागदावरचा नंबर वाचला, पुन्हा हिऱ्याची कड बघितली. मग म्हणाली, "हिरा खरा आहे. पण हा कागद ह्याचा नाही."

पप्पा पांढरेफटक. "म्हणजे कागद भारी हिऱ्याचा आणि दिलाय हलका?" आत्या म्हणाली, "असूही शकतं. रंगही जरा पिवळट वाटतोय." पप्पांनी खुर्ची मागे सारली. "बस. कळलं मला. मोठ्या सुनेला असं दिलं असतं का त्यांनी? आजच फोन करतो, लग्न नको." मी तर खुर्चीला चिकटले होते. निखिलशी लग्न मोडणार, तेही एका नंबरवरून... आत्याने डोळा मायक्रोस्कोपवरून काढलाच नाही. "भाऊ, बस खाली. फोन कुठे पळून जात नाही." तिने एक बारीक सुई घेतली, हिरा धरणाऱ्या सोन्याच्या नखांमधून काहीतरी खरवडलं, कागदावर झटकलं. पिवळी धूळ. मग अंगठी साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासली आणि पुन्हा बघितली. हिरा पांढराशुभ्र! "आपण देवघरवाले नाही, पण हळद मला ओळखू येते," ती म्हणाली. "ही देवापुढे ठेवली होती का गं?" मला आठवलं, निखिलच्या आई म्हणाल्या होत्या, कुलदैवतापुढे ठेवून, हळदकुंकू वाहून मगच आणली. आत्या एकदम सरळ बसली. "एकटीच ठेवली होती का?"

ते मला कुठून माहीत असणार!

त्या रविवारी ती वाघोलीला निघाली. पप्पांना म्हणाली, "तू पण चल. फक्त तोंड उघडू नकोस." तिकडे जाऊन काय करावं तिने? चौकशी नाही, टोमणा नाही. पर्समधून ब्रश काढला आणि म्हणाली, "ताई, माझा धंदाच हा. घरातल्या हिऱ्यांच्या वस्तू आणा, धुऊन देते. आणि त्यांचे कागदही आणा, बघून ठेवते." निखिलच्या आई हसल्या, "आवं, आमच्याकडं कुठलं हिरं? दोनच हायत. एक हिच्या बोटात, आन् एक रूपालीला घेतलीय." रूपालीवहिनी, म्हणजे मोठ्या सूनबाई, आतून आपली अंगठी आणि डबी घेऊन आल्या. अगदी सेम डिझाइन! आत्याने दोन्ही धुतल्या, पुसल्या, लूप, म्हणजे तिचं ते छोटं भिंग, डोळ्याला लावला. वहिनींच्या हिऱ्यावरचा नंबर माझ्या डबीतल्या कागदावर होता, आणि माझ्या हिऱ्यावरचा त्यांच्या डबीतल्या.

"कागदांची अदलाबदल झालीय फक्त," आत्या म्हणाली. निखिलच्या आईंनी कपाळाला हात लावला. "देवापुढं ताटात दोन्ही अंगठ्या ठेवल्या हो, कागदबी ठेवलं. परत डबीत भरताना म्हटलं, दोन्ही सारख्याच, कुठलीबी कुठं." पप्पांना राहवलं नाही, त्यांनी तोंड उघडलंच. "पण दोन कशाला घेतल्या?" "मोठीच्या लग्नात जमलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग धाकटीला एकटीला कशी घालू? दोघी एकाच घरात राहणार न्हवं."

पप्पा उठले. मोरीपर्यंत गेले, तोंडावर पाणी मारून आले. नंतर त्यांनी चक्क दोनदा भजी मागून घेतली, आमच्या पप्पांनी, जे परक्या घरात पाणीसुद्धा अर्धाच ग्लास पितात! परत येताना गाडीत आत्या म्हणाली, "काय भाऊ, करतोस का फोन?" पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गप बस." आणि दोघं हसायला लागले ते नगर रोडचा सगळा ट्रॅफिक सुटेपर्यंत... मी मागे बसून रडत होते आणि हसत होते. लग्न झालं. आत्या आली, पहिल्या रांगेत बसली.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, वाघोलीहून सगळे आले होते. आणि परवा सासूबाईंचा पप्पांना फोन, रूपालीला कानातले घ्यायचेत. "ताई न्हाईत, तर भाऊ, तुमीच चला." पप्पा निघाले. खिशात आत्याचा लूप. मीही गेले, म्हटलं हे बघायलाच पाहिजे. दुकानातल्या मुलाने मखमलीचा ट्रे पुढे केला, पप्पांनी लूप काढला, आधी उलटा धरला, मग सुलटा केला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण आपण कुणीही अशा वेळी एक डोळा मिटतो ना? आत्या कधी मिटायची नाही. एक मिटला की दुसरा थकतो, म्हणायची. काउंटरवर वाकलेल्या पप्पांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते, आणि सासूबाई शेजारच्या स्टुलावर हात जोडून, श्वास रोखून, ते काय म्हणतात याची वाट बघत होत्या.