जयमालाने मोडलेला सौदा

माझी धाकटी जाऊ जयमाला हट्टी आहे, असं अख्खं पिंपळगाव राजा म्हणतं. मी तिची थोरली जाऊ प्रतिमा. एका घरात राहून सांगते, गावाला अजून पुरतं कळलेलं नाही. ती हट्टी नाही, महाहट्टी आहे. आणि मला तिचा अभिमान वाटतो, हेही आधीच सांगून टाकते.

ती खामगावला एका सराफाच्या कारखान्यात कामाला होती. चांदीची जोडवी ओतायची तर आधी मेणात नमुना कोरावा लागतो, आणि ते कोरायला तिथं एक छोटी मिलिंग मशीन होती. जयमाला झाडलोट करता करता मशीन पाहत राहिली, मग हात लावू लागली, आणि शेवटी सगळे नमुने तीच काढू लागली. तेव्हा सराफाने आपल्या भाच्याला आणून मशीनवर बसवलं आणि हिला डब्या भरायला सांगितलं. हिने जेवणाचा डबा उचलला आणि सरळ घरी आली.

"मी माही मशीन घेईन," चपला काढता काढता म्हणाली. "कामं देणारे दुसरे सराफ आहेत खामगावात."

नवी मशीन घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. जुनी घ्यायची म्हटलं तरी तिची सगळी साठवण त्यातच जाणार होती. मशीन फसवी निघाली असती तर पुन्हा विळा घेऊन निंदायला जाणं तिच्या नशिबी होतं, कायमचं.

शोधता शोधता देऊळगाव राजाचा पत्ता लागला. तिथं वैजनाथ नावाचा दागिन्यांचा कारागीर दुकान बंद करत होता आणि मशीन विकायला काढली होती. जयमालाचा नवरा शेतात फवारणीत अडकलेला. तेव्हा आमचे सासरे शेषराव, म्हणजे आमचे मामाजी, उठले. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही, आणि हे ते स्वतःच सांगतात.

"मी येतो. सौदा करणं बायांचं काम नाही," मामाजी म्हणाले.

जयमाला माझ्याकडे वळली. म्हणाली, "ताई, तुम्हीबी चाला. एकट्या बाईचं कोणी ऐकत नाही."

"दोघींचं तरी कोण ऐकते?" मी म्हटलं, आणि पातळ बदललं.

चिखलीला गाडी बदलून आम्ही पोहोचलो, तेव्हा मशीन सुरूच होती. पुसून लख्ख केलेली. मामाजी तिच्याभोवती एक फेरी मारून आले, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि म्हणाले, "अंगानं भरीव आहे. आवाजही साफ आहे." मला हसू आवरेना. आता हे तिचे दात बघतात की काय, असं वाटलं.

जयमालाने मोटरवर तळहात ठेवला. "हे गरम काऊन आहे?"

"तुमचा वेळ वाचावा म्हणून आधीच चालू केली, ताई," वैजनाथ म्हणाला.

"बंद करा. थंड झाली की मी चालू करीन."

थंड मशीन आपली दुखणी लपवत नाही, असं तिने मला हळूच सांगितलं. वैजनाथचा चेहरा जरा उतरला, पण त्याने चहा मागवला. जयमाला मशीनपाशीच बसून एकेक पट्टी बोटाने चाचपत राहिली. आतल्या बाजेवर मामाजींनी उपरणं काढलं. मी ओळखलं. बैलबाजारात भाव ठरवतात तसं उपरण्याखाली मामाजींची आणि वैजनाथची बोटं बोलू लागली. चहा संपायच्या आत मामाजी उठले आणि बालाजीच्या फोटोपुढे नारळ फोडून मोकळे झाले.

"झाला सौदा," त्यांनी जाहीर केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीन कोणाची आणि नारळ कोण फोडतो!

जयमालाने मानही वळवली नाही. तिने मशीन सुरू केली, घरून आणलेला मेणाचा तुकडा बसवला आणि एक गोल कापायला लावला. गोल निघाला. डोळ्यांना बरा दिसत होता. तिने त्याच्या कडेवरून नख फिरवलं. ते एका जागी अडलं, तसा तिने तोंडातून 'च्' असा आवाज काढला.

"आतला स्क्रू झिजलेला आहे. मशीन दिशा बदलते तिथं घसरते. दर जोडव्याले हा दात येईन. मले ही नको."

"असं कसं, ताई? नारळ फुटला ना," वैजनाथ म्हणाला. "जुन्या मशीनला एवढं राहायचंच."

मामाजी संतापले. "जयमाला, माह्या शब्दावर सौदा झाला. आजवर मी शब्द फिरवला नाही."

"तुमच्या बैलाच्या सौद्यात मी कधी आली का, मामाजी?"

आमच्या घरात असं कोणी बोललेलं नव्हतं. खरं सांगते, मला मजा वाटली. जयमालाने तो मेणाचा गोल त्यांच्या हातावर ठेवला. "बोट फिरवा."

मामाजींनी फिरवलं. एकदा, मग डोळे मिटून पुन्हा. बैलाच्या खांद्यावरची जुनी जखमही हा म्हातारा केसांखालून ओळखतो. त्यांनी वैजनाथकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"तुम्ही विचारलंच कुठं, काका?"

"बाजारात विचारावं लागत नाही. इकणारा खोड आपल्या तोंडानं सांगते. ज्यानं लपवली, त्याचा सौदा नारळ फुटला तरी मोडते." मामाजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "मी मोडतो हा..."

"तुम्ही नका मोडू," जयमाला मध्येच म्हणाली. "मशीन माही, पैसा माहा. मीच मोडते." मग वैजनाथकडे वळून तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मले तुमची मशीन नाही पाहिजे." आणि पिशवी उचलून दुकानाबाहेर पडली.

परतीच्या गाडीत मामाजी आमच्या पुढच्या सीटवर बसले होते. चिखलीला गाडी बदलल्यावरही तसेच पुढे. आम्ही सुनांनी माहेरी जायचं विचारलं, की या माणसाचं ठरलेलं उत्तर असतं, "पाहू." मग आम्ही दोन-दोन आठवडे त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. चिखली सुटल्यावर ते मागे वळले.

"दुसरी मशीन पाहायले जाशीन," त्यांनी जयमालाला विचारलं, "तवा मी येऊ का?"

जयमालाने खिडकीबाहेर पाहिलं.

"पाहू," ती म्हणाली.